सज्ञान आणि शहाणा, एवढंच पुरे?

मृत्युपत्र करायला बसलेलं घर फ्लॅट कोणाला आणि पाटल्या कोणाला यावर महिनोन्‌महिने खल करतं. मुलीला रोख द्यायचं की सोनं, गावाकडची जमीन समाईक ठेवायची की विकून मोकळं व्हायचं, लॉकरची दुसरी किल्ली कोणाकडे राहील, सगळ्याची चर्चा होते. शेवटी वकील विचारतात, "एक्झिक्युटर म्हणून कोणाचं नाव घालू?" या प्रश्नाला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत उत्तर मिळतं. थोरल्याचं घाला. नाहीतर शेजारचे काका आहेतच की, बँकेतून रिटायर झालेले.

माझं म्हणणं असं की मृत्युपत्रातल्या सगळ्या नावांत जास्तीत जास्त विचार करून घालायचं नाव हेच आहे. आणि ज्याचं नाव घातलं त्याने पुढे काय केलं याचा हिशेब मागण्याची सोय आपल्या कायद्यात, निदान पुण्यापुरती, जवळजवळ नाही.

एक्झिक्युटर म्हणजे नुसता सही करणारा माणूस नव्हे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २११ प्रमाणे गेलेल्या माणसाची सगळी मालमत्ता कायद्याच्या नजरेत त्याच्याकडे येते. ती त्याची होत नाही, पण वाटून होईपर्यंत चालवायची त्यानेच. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च त्याने भागवायचा, कर्जं फेडायची, लोकांकडचं येणं वसूल करायचं, प्राप्तिकराचं काम निस्तरायचं आणि मग उरलेलं ज्याचं त्याला द्यायचं. या कायद्यात एक तरतूद आहे, तिचं मला नेहमी कौतुक वाटतं: मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत घरकाम करणाऱ्याने किंवा मजुराने केलेल्या कामाचा पगार थकला असेल, तर तो इतर सावकारांच्या आधी द्यायचा. मोलकरणीचे पैसे बँकेच्या हप्त्याआधी. मृत्युपत्रात दिलेल्या देणग्या आणि वाटे मात्र मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नाही, कारण तेवढ्या वेळात देणी-घेणी समजून घेणं अपेक्षित आहे. म्हणजे वर्षभर तरी एका माणसाच्या हाती दुसऱ्याचं आयुष्यभराचं मिळवलेलं असतं, आणि ज्याने ते हाती दिलं तो विचारायला शिल्लक नसतो.

असा माणूस होण्यासाठी पात्रता काय? कलम २२३ वाचायला अर्धा मिनिट लागतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) देता येत नाही, मनाने विकल असलेल्याला देता येत नाही, आणि राज्य सरकारच्या नियमांत बसणारी कंपनी सोडली तर व्यक्तींच्या कोणत्याही मंडळाला देता येत नाही. संपलं. नातेवाईक असण्याची अट नाही, त्याच गावात राहण्याची नाही, शिक्षणाची नाही. दिवाळं निघालेलं नसावं अशी नाही, शिक्षा झालेली नसावी अशी नाही. मृत्युपत्रात ज्याला सर्वांत मोठा वाटा मिळतो तोच वाटप करणारा असला तरी हरकत नाही. खून करणाऱ्याला मृताच्या मालमत्तेत वारसा मिळू नये असं हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम २५ सांगतं. तोच माणूस एक्झिक्युटर असेल तर काय, याबद्दल कलम २२३ मध्ये एक शब्द नाही.

मृत्युपत्रच नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे कलम २१८ प्रमाणे, हिंदू-मुस्लिम-बौद्ध-शीख-जैन कुटुंबांत ज्याला वाट्यात काही मिळणार आहे अशा कोणालाही न्यायालय प्रशासक नेमू शकतं, अनेक जण पुढे आले तर निवड न्यायालयाची, आणि कोणीच आलं नाही तर सावकारालाही नेमता येतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात बहुतेक लोक या वाटेला जात नाहीत. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला काढतात आणि पुढे जातात. या लेखाचा विषय मृत्युपत्र करून ठेवणाऱ्यांचा आहे, कारण आपण सगळी व्यवस्था लावली आहे असं समजून निर्धास्त राहणारे तेच.

आता पुण्यातल्या ज्या घरांची मुलं अमेरिकेत आहेत त्या घरांत एक तुलना हमखास निघते. तिकडे पात्रतेची यादी मोठी असते. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला हे काम मिळत नाही. राज्याबाहेर राहणारा माणूस ठरावीक नात्यातला नसेल तर त्यालाही मिळत नाही. म्हणजे फ्लोरिडात स्थायिक झालेल्या एखाद्याने डेक्कनवर राहणाऱ्या आपल्या बालमित्राला नेमलं तर ते चालणार नाही, आणि वर्षानुवर्षं फोनसुद्धा न केलेला भाचा चालेल. न्यूयॉर्कच्या कायद्यात तर व्यसन, अप्रामाणिकपणा, उधळेपणा, समज तोकडी असणं हीसुद्धा अपात्रतेची कारणं आहेत, आणि इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्याला न्यायालय नाकारू शकतं. हे ऐकलं की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस लगेच म्हणतो, बघा, किती नीट विचार केलाय. आपल्याकडे काय, कोणीही चालतो.

मला ही यादी नको आहे, आणि त्याचं कारण याच शहराच्या इतिहासात आहे.

७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबामहाराज, वारले. जाताना त्यांनी मृत्युपत्र केलं आणि आपल्या दौलतीची व्यवस्था ज्यांच्या हाती सोपवली त्यांत बाळ गंगाधर टिळक होते, दादासाहेब खापर्डे होते आणि आणखी काही मंडळी होती. तारीख पुन्हा पाहा. टिळकांवर तेव्हा राजद्रोहाचा खटला सुरू होता आणि ते तीन दिवसांपूर्वीच जामिनावर सुटले होते. पुढच्याच महिन्यात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. फ्लोरिडासारखा नियम तेव्हाच्या पुण्यात असता तर बाबामहाराजांनी मरताना ज्याच्यावर विश्वास टाकला तोच माणूस कायद्याने बाद झाला असता. बाबामहाराजांना हे सगळं दिसत होतं. दिसत असूनही त्यांनी ते नाव घातलं. सरकारच्या लेखी गुन्हेगार असलेला माणूस आपल्या घराचा कारभार नीट पाहील हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता, आणि कलम २२३ चं तोकडेपण हाच हक्क राखतं.

पण ताईमहाराज प्रकरण म्हणून पुढे जे झालं ते या गोष्टीची दुसरी बाजूही दाखवतं, आणि आपल्याकडे ती सांगताना पहिलीच तेवढी सांगितली जाते. मृत्युपत्रात असं होतं की मुलगा झाला नाही किंवा झालेला जगला नाही तर विश्वस्तांच्या, म्हणजे याच मंडळींच्या, संमतीने दत्तक घ्यावा. मुलगा झाला आणि दोन-तीन महिन्यांत गेला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ महाराजांचं दत्तकविधान झालं. मग बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांनी ते नाकारलं, दुसरा मुलगा दत्तक घेतला, विश्वस्तांपैकीच नागपूरकर त्यांच्या बाजूला गेले, आणि प्रोबेट रद्द करावं म्हणून अर्ज झाला. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केलं आणि टिळकांवर फौजदारी खटल्याची वाट मोकळी केली. १९०३ मध्ये शिक्षा, १९०४ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका, आणि दत्तकाचा दिवाणी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल. अठरा वर्षं.

यातून दोन गोष्टी मला दिसतात. एक उघड आहे: माणसाची लायकी तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मोकळेपणाने दिला तर तो राजकारणासाठी वापरला जाऊ शकतो. अ‍ॅस्टनसाहेबांना टिळकांच्या हिशेबापेक्षा टिळकांत जास्त रस होता असं म्हणायला जागा आहे. दुसरी कमी बोलली जाते. आपल्या मांडीवर कोणता मुलगा बसायचा याला चार पुरुषांची संमती लागणार, आणि आपण सही करून मोकळं व्हायचं, याबद्दल त्या तरुण विधवेला काय वाटलं असेल? निकाल विश्वस्तांच्या बाजूने लागला म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही. विश्वस्त प्रामाणिक होते, तरी त्यांचा कारभार जिच्या आयुष्यावर चालणार होता तिला विचारण्याची रीत तेव्हा नव्हती. एक्झिक्युटर चांगला असणं आणि त्याने लाभार्थींना उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याने दुसरीकडे पाहावं.

नीतिमत्तेची यादी करायला गेलं की काय होतं याचा नमुना आपल्याच कायद्यात आजही छापलेला आहे. ख्रिस्ती, पारशी, ज्यू कुटुंबांसाठी, म्हणजे आपल्या कॅम्पातल्या कितीतरी घरांसाठी, लागू असलेलं कलम २१९ म्हणतं की मृत्युपत्र नसेल तर प्रशासक म्हणून पहिला विचार विधवेचा व्हावा, वैयक्तिक अपात्रता असेल तर तिला वगळावं. त्याखालच्या उदाहरणात वेडेपणा आणि व्यभिचार शेजारी शेजारी बसवले आहेत. विधवेने पुनर्विवाह केला तर मात्र ते वगळायला पुरेसं कारण नाही, एवढी उदारता दाखवली आहे. व्यभिचार हा गुन्हाच नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. हे उदाहरण तरीही जागेवर आहे. नवरा बायकोच्या मागे राहिला तर त्यालाही तोच हक्क आहे, पण त्याच्या वागण्याचं उदाहरण द्यावंसं कोणाला वाटलेलं दिसत नाही. आणि आणखी मागे गेलं तर विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय प्रोबेट देऊ नये अशी अटही इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात होती. पात्रतेच्या याद्या ज्या काळात होतात त्या काळाचे पूर्वग्रह घेऊनच जन्माला येतात. आज यादी केली तर आपले येतील.

मग प्रश्न असा की यादी नाही तर काय? इथे पुणं आणि मुंबई यांतला एक जुना फरक सांगावा लागतो.

२०२५ च्या अखेरीपर्यंत मुंबई शहरात केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी मृत्युपत्रांना कलम २१३ प्रमाणे प्रोबेट सक्तीचं होतं. त्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. कोलकाता आणि चेन्नईतही तसंच. पुण्यात नाही. सदाशिव पेठेत बसून सदाशिव पेठेतल्या वाड्याचं मृत्युपत्र केलं तर प्रोबेटची गरज नव्हती. त्याच माणसाची दादरला एक खोली असली की गरज निर्माण व्हायची. मुसलमानांना ही सक्ती कधीच नव्हती आणि भारतीय ख्रिश्चनांची २००२ मध्ये गेली. धर्म आणि गाव पाहून ठरणारा असा नियम टिकवण्यासारखा नव्हताच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे निकाली काढणारा जो कायदा केला, त्यात कलम २१३ वगळून टाकलं. चांगलं झालं. प्रोबेट हवं त्याला आजही घेता येतं, सक्ती तेवढी गेली.

म्हणजे सक्तीपुरता सगळा देश आता पुण्यासारखा झाला. तेव्हा पुण्याचा अनुभव काय आहे हे पुणेकरांनीच सांगायला हवं.

प्रोबेट घेणाऱ्या एक्झिक्युटरवर कायद्याचा लगाम असतो. वारसांना नोटीस जाते, हरकती मागवल्या जातात. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत त्याने मालमत्तेची आणि देण्यांची संपूर्ण यादी न्यायालयात द्यायची, एका वर्षात हिशेब द्यायचा. हे कलम ३१७. मुद्दाम आणि विनाकारण दिला नाही किंवा खोटा दिला तर कलम २६३ खाली प्रोबेट रद्द होऊ शकतं. आता नीट पाहा: सहा महिन्यांचं घड्याळ सुरू होतं ते प्रोबेट मिळाल्यापासून. प्रोबेट घेतलंच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही, आणि जे घेतलं नाही ते रद्द तरी काय करणार? नेमलेल्या प्रशासकाला निदान जामीनदारासह बंधपत्र लिहून द्यावं लागतं. मृत्युपत्रातून आलेल्या एक्झिक्युटरला साधारणपणे तेही नाही, कारण त्याच्यावर मृताचा विश्वास होता. मालमत्ता हाती येते कलम २११ मुळे, प्रोबेट असो वा नसो. यादी मागण्याचा हक्क मात्र येतो प्रोबेटच्या मागून. पुण्यातली बहुसंख्य मृत्युपत्रं या दोन कलमांच्या मधल्या फटीत राहतात.

न्यायालयाची जागा मग कोण घेतं? सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतला काउंटरवरचा माणूस, सिटी सर्व्हेच्या ऑफिसातला कारकून. एक्झिक्युटर मृत्युपत्राची प्रत घेऊन जातो, आणि समोरचा माणूस घाबरून म्हणतो, "सगळ्या वारसांच्या सह्या आणा." याला मी दोष देत नाही, सोसायटीच्या कमिटीवर बसलेल्या कोणीही हेच केलं असतं. पण त्यामुळे दोन उलट्या गोष्टी होतात. सरळ एक्झिक्युटरला एका रुसलेल्या भावाच्या सहीसाठी वर्षं घालवावी लागतात. आणि ज्याच्या ओळखी आहेत, ज्याच्याकडे वडिलांच्या चेकबुकपासून मोबाईलच्या ओटीपीपर्यंत सगळं आहे, तो कोणालाही न विचारता सगळं हलवून मोकळा होतो.

त्यात नॉमिनीचा घोळ आहेच. नॉमिनी म्हणजे मालक आणि एक्झिक्युटर दोन्ही, अशी अर्ध्या पुण्याची समजूत असते. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की शेअर्सच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही, वारसा कायद्याचा क्रम तसाच राहतो. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही २०१९ नंतर नॉमिनीला फक्त तात्पुरता सदस्य मानलं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. सोय वाढली, पण पैसे घेऊन जाणारे चार आणि हिशेब देणारा एकही नाही अशी अवस्था व्हायला वेळ लागणार नाही.

एक घर डोळ्यांपुढे आणा. कोथरूडची चाळीस वर्षं जुनी सोसायटी, पुनर्विकासाचा ठराव झालेला. मालक वारले. मृत्युपत्रात एक्झिक्युटर थोरला मुलगा, न्यू जर्सीला; वाटा त्याला आणि पुण्यातल्या बहिणीला निम्मा निम्मा. बिल्डरचं भाडं, शिफ्टिंगचे पैसे, कॉर्पसची एकरकमी रक्कम हे सगळं एक्झिक्युटर या नात्याने भावाच्या खात्यात जमा होतं. तो लबाड आहे असं समजू नका. कामात बुडालेला आहे, 'या वेळी आलो की बसू' म्हणतो. कायदा त्याला अपात्र ठरवत नाही. परराज्यात किंवा परदेशात असलेल्या एक्झिक्युटरच्या वतीने त्याच्या मुखत्याराला कलम २४१ खाली प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्ता चालवण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र, मिळू शकतं, आणि गरज पडली तर कलम २५४ खाली न्यायालय दुसराच माणूस नेमू शकतं. पण या सगळ्यासाठी आधी कोणीतरी न्यायालयात जायला हवं. बहिणीला फक्त एवढंच हवं आहे की काय आलं आणि काय गेलं ते एका कागदावर दिसावं. त्यासाठी सख्ख्या भावावर दावा ठोकायचा? आणि त्याला दूर करून दुसरा नेमायचा तर कलम ३०१ प्रमाणे तो अधिकार उच्च न्यायालयाचा. शिवाजीनगरचं कोर्ट रिक्षाच्या अंतरावर. अर्ज मात्र मुंबईला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा, सांगली, सोलापूर आले, पुणे नाही.

बहिणी हे करत नाहीत. माहेर तुटेल म्हणून करत नाहीत, आणि मग घरात सगळे म्हणतात, बघा, आमच्याकडे कधी वाद झाला नाही.

वयाचा प्रश्न तर यापेक्षाही जास्त घरांत आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. सत्तरीत मृत्युपत्र करणारा माणूस एक्झिक्युटर म्हणून सत्तरीतलाच मित्र नेमतो. सकाळी सारसबागेत बरोबर चालणारा, हिशेबाला पक्का, शब्दाचा खरा. मृत्युपत्र करणारा नव्वदीत जातो. मित्र तोवर गेलेला असतो, किंवा असतो पण त्याला आज कोणता वार ते सांगता येत नाही. कायद्यात वरच्या वयाची मर्यादा नाही, असूही नये. पण मनाने विकल माणसाला प्रोबेट देऊ नये ही कलम २२३ ची एकमेव खरी चाळणी न्यायालयात लागते, आणि न्यायालयात कोणी जातच नाही. मग त्या काकांची सही त्यांचा मुलगा घेऊन येतो. आपला ज्याच्याशी काही संबंध नाही अशा माणसाचा मुलगा आपल्या वडिलांच्या ठेवी मोडतोय, हे दृश्य हास्यास्पद वाटतं, पण अशक्य मुळीच नाही. एक्झिक्युटर आधी वारला तर उर्वरित मालमत्तेच्या लाभार्थीला मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र घेता येतं, कलम २३२ मध्ये तशी वाट आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी ती वाट पुन्हा न्यायालयातूनच जाते.

तेव्हा मी मागतो आहे ते थोडं आहे. प्रोबेटची सक्ती परत आणू नका. अपात्रतेची यादी लांबवू नका. पण जो कोणी एक्झिक्युटर म्हणून एकही सही करणार आहे, त्याने मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत दोन गोष्टी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवाव्यात: हे काम मी स्वीकारतो असं निवेदन, आणि मालमत्ता-देण्यांची यादी. त्यांची प्रत प्रत्येक लाभार्थीला आणि जवळच्या प्रत्येक वारसाला जावी. ही नोंद दाखवल्याशिवाय बँकेने, सोसायटीने, भूमी अभिलेख कार्यालयाने त्याची सही मानू नये. आणि दाखवली तर 'सगळ्यांच्या सह्या आणा' म्हणून त्याला परत पाठवूही नये. दुसरं, एक्झिक्युटरला दूर करण्याचा आणि दुसरा नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयालाही द्यावा. प्रोबेट द्यायला जे न्यायालय चालतं ते काढून घ्यायलाही चालतं. मग माणूस बदलायलाच का चालू नये?

मालमत्तेच्या यादीवर माझा एवढा भर का, हेही सांगतो. एक्झिक्युटरने मृताची मालमत्ता स्वतःच आडून किंवा उघड विकत घेतली तर तो व्यवहार हितसंबंध असलेल्या दुसऱ्या कोणालाही रद्द करून घेता येतो. कलम ३१० आजही हे सांगतं. त्याच्या हयगयीने नुकसान झालं तर ते त्याने भरून द्यायचं, हेही कायद्यात आहे. हितसंबंधाचा प्रश्न कायद्याने सोडवून ठेवला आहे. पण मुळात काय होतं हेच माहीत नसेल तर कमी काय झालं ते कळणार कसं? वडिलांचे पोस्टातले पैसे, एका सहकारी पतसंस्थेतली ठेव, मुळशीतला कधीकाळी घेतलेला प्लॉट, हे एका मुलाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. सगळे वाद तिथून निघतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो सरकारी कामाचा: आणखी एक कागद, आणखी एक खिडकी, आणखी एक एजंट. आक्षेप खरा आहे. पण आज जो वारस दाखला, प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं आणि ना-हरकतींचा ढीग लागतो, त्यातला निम्मा या एका नोंदीने कमी होऊ शकतो, अट एवढीच की इतर कार्यालयांवर ती मानण्याचं बंधन हवं. बंधन नसेल तर आक्षेप घेणाऱ्यांचंच बरोबर ठरेल, हे मी आधीच मान्य करतो. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा: असं केलं तर चांगला माणूस हे काम घेणार नाही. शेजारचे काका म्हणतील, बाबा, मला तुझ्या घरच्या लफड्यात नको. म्हणू द्या की. मरणानंतर नाही म्हणण्यापेक्षा आधी म्हटलेलं बरं. आणि जो हो म्हणेल त्याचं या कागदाने रक्षणच होईल. चार भावंडांतल्या ज्या एकाने आईवडिलांचं सगळं केलं, त्याच्यावरच पुढे 'काय काय लपवलं' म्हणून संशय घेतला जातो. त्याच्या हाती सहा महिन्यांच्या आत वाटलेली, नोंदवलेली यादी असेल तर त्याला सभ्यपणे गप्प बसता येईल.

पैशाचं काय, हाही प्रश्न आहे, आणि पुण्यात तो दबक्या आवाजात विचारला जातो. आपल्याकडे हे काम प्रेमाने करायचं असतं. पण कायद्याने एक्झिक्युटरच्या मेहनतान्याला मज्जाव केलेला नाही. शासनाच्या महाप्रशासकाला ज्या दराने मिळतं त्यापेक्षा जास्त कमिशन घेऊ नये, एवढीच मर्यादा कलम ३०९ मध्ये आहे. दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या माणसाला मृत्युपत्रातच काही रक्कम लिहून ठेवायला काय हरकत आहे? फुकट काम करणाऱ्याला हिशेब विचारायला आपली जीभ रेटत नाही, आणि न विचारलेला हिशेब चांगल्या माणसालाही आळशी करतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मृत्युपत्र करणाऱ्याला स्वतःच्याच कागदात एवढं लिहून ठेवता येतं: माझ्या एक्झिक्युटरने माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत माझ्या सर्व मालमत्तेची आणि देण्यांची लेखी यादी सर्व लाभार्थींना द्यावी, आणि वर्षाने हिशेब द्यावा. त्याने काम नाकारलं, तो हयात नसला किंवा मुदतीत यादी दिली नाही, तर त्याच्या जागी अमुक यांनी काम पाहावं. या अमुकचं वय आपल्यापेक्षा निदान पंधरा-वीस वर्षांनी कमी असावं, तो शक्यतो पुण्यात राहणारा असावा, आणि सही करण्याआधी त्याला एकदा फोन करून विचारलेलं असावं.